राणी बंग यांचं संशोधन आपण वाचतो का?

निंबोणी (धागाकर्ती)

डॉ. राणी बंग यांच्याबद्दल मराठीत जे छापून येतं ते साधारण एकाच वाटेनं जातं. चंद्रपूरच्या चारी आडनावाच्या घरातली मुलगी, नागपूरला स्त्रीरोगशास्त्रात एम.डी., सुवर्णपदक, अभय बंगांशी लग्न, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण, आणि १९८६ साली दोघांचा मुक्काम गडचिरोलीत. मग २००३ चा महाराष्ट्र भूषण, २०१८ ची पद्मश्री. वाचणारा मनोमन हात जोडतो आणि पान उलटतो.

या बाईंनी शोधलं काय, कसं शोधलं आणि त्यामुळे काय हललं, हे त्या लेखांत दोन ओळींत उरकलेलं असतं. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्या आधी संशोधक आहेत. म्हणून हा धागा.

१९८६ मध्ये गडचिरोली जिल्हा नवाच होता, चंद्रपूरमधून वेगळा होऊन चार वर्षं झालेली. तिथे तेंदूपत्त्याच्या जुन्या गोदामात या दोघांच्या 'सर्च' संस्थेचं काम सुरू झालं. बाया राणीताईंकडे यायच्या आणि बोलायच्या. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, पाळीत फार जातं, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते. दवाखान्यातली स्त्रीरोगतज्ज्ञ हे रोज ऐकते आणि रोज औषध लिहून देते. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: जी माझ्यापर्यंत आलीच नाही तिचं काय? गावातल्या सगळ्या बायांत हे किती असेल?

उत्तर कुठेच नव्हतं. जगभरची आकडेवारी दवाखान्यात आलेल्या बायांची. आपल्या सरकारी कार्यक्रमांना बाई दोनच वेळा दिसायची, पोटुशी असताना आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेच्या यादीत. मधली सगळी वर्षं तिला गर्भाशय नसल्यासारखीच.

वसा आणि अमिर्झा ही दोन गावं निवडली गेली. विचार करा, १९८० च्या दशकातलं खेडं, आणि तिथल्या बायांना सांगायचं की काही त्रास नसला तरी आतून तपासून घ्या. कुमारिकांनासुद्धा. गावकऱ्यांचा विश्वास नसेल तर असं काम पहिल्याच दिवशी बंद पडतं. ६५० बाया-मुली तपासून झाल्या. नुसती प्रश्नावली नव्हे, प्रत्यक्ष तपासणी आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यासुद्धा.

निकाल असा: ५५ टक्के बायांनी काही ना काही तक्रार सांगितली होती. आजार सापडला ९२ टक्क्यांत. एकेका बाईत सरासरी ३.६ आजार. त्यातले निम्मे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे. आणि याआधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के.

५५ आणि ९२ यांच्यातलं अंतर बघा. त्या अंतरातल्या बायांना आजार होता आणि तक्रार नव्हती. आई, सासू, जाऊ, सगळ्यांना होतं तेच हिलाही. मग तक्रार कशाची करायची?

जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा निबंध आला. पहिलं नाव राणी बंग, दुसरं अभय बंग, मग इतर सहकारी. निष्कर्ष सरळ होता: स्त्रीरोगांवरचे उपचार प्राथमिक आरोग्यसेवेतच मिळायला हवेत. पाच वर्षांनी, लोकसंख्या आणि विकासावरच्या १९९४ च्या कैरो परिषदेत, लोकसंख्या नियंत्रणाची जागा प्रजनन आरोग्याच्या विचारानं घेतली. त्यामागे जगभरच्या स्त्री-चळवळींची मोठी ताकद होती, एका निबंधानं हे घडलं असं मी म्हणणार नाही. पण चळवळी म्हणत होत्या ते खरं आहे, हे मोजून दाखवणाऱ्या पहिल्या कामांत गडचिरोलीचं काम होतं.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. निकाल इंग्रजी नियतकालिकात छापून थांबले नाहीत, ते गावांत परत नेले गेले. ज्या बायांच्या अंगाची ती माहिती होती त्यांच्यापुढे ती मांडली गेली. आजही किती संशोधक हे करतात?

तुम्ही यातलं काय वाचलंय, कुणी तिकडे काम केलंय का, मतभेद असतील तर तेही लिहा.

---

इरईकाठ

धागा उत्तम. मी चंद्रपूरचा. आमच्याकडे कोणी त्यांना राणीताई म्हणत नाही हो, 'सर्च'च्या शोधग्राम परिसरात त्या सगळ्यांच्या 'अम्मा' आणि अभय बंग 'नायना'. तिकडून तेलंगणा जवळ, त्यामुळे हे तेलुगू शब्द कानाला परके लागत नाहीत.

एक भर घालतो. शाळा-कॉलेजच्या पोरापोरींसाठी त्या 'तारुण्यभान' शिबिरं घेत आल्यात. मी कॉलेजात असताना बसलो होतो. मुलं-मुली एकाच हॉलमध्ये, समोर साडीतल्या बाई, आणि पाळी, हस्तमैथुन, गर्भनिरोध, सगळं मराठीत, सरळ नावं घेऊन. पहिला अर्धा तास माना खाली. दुपारनंतर चिठ्ठ्यांचा ढीग. घरी कोणाला विचारता येत नव्हते असे प्रश्न होते ते. दोन वर्षं अंगावर काढलेलं दुखणं माझ्या वर्गातल्या एका मुलीनं त्यानंतर डॉक्टरांना दाखवलं, हे तिनंच नंतर सांगितलं.

त्या ९२ टक्क्यांत अविवाहित मुलीही होत्या, हे या शिबिरांमागचं कारण असावं असं मला कायम वाटत आलंय.

---

आकडेमोड

लेख आवडला, पण ९२ टक्क्यांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. मी संख्याशास्त्राचा माणूस आहे, वैद्यकातला नाही.

पहिली गोष्ट, दोन गावं म्हणजे जिल्हा नव्हे आणि देश तर नव्हेच. दुसरी, बोलावल्यावर तपासायला येते ती बाई आणि न येणारी बाई यांत फरक असू शकतो. जिला काही होतंय ती आधी येईल. तिसरी, आजार कशाला म्हणायचं? चाचणीत दिसलेला सौम्य दाह आणि चालता येऊ नये अशी ओटीपोटाची सूज, दोन्ही 'आजार' म्हणून मोजले की टक्का वर जाणारच. नंतर भारतात इतरत्र अशा पाहण्या झाल्या. आकडे कुठे कमी, कुठे जास्त आले, व्याख्या बदलली की आकडा बदलला.

मी हे काम छोटं करत नाहीये. पण '९२ टक्के' हा आकडा भाषणांतून असा फिरतो की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्यात. संशोधक म्हणून वाचायचं असेल तर असंच वाचायला हवं.

---

निंबोणी

आकडेमोड, असा प्रतिसाद यावा हीच इच्छा होती.

तुमचे तिन्ही मुद्दे रास्त आहेत. पण मला त्या निबंधातला सगळ्यात जड आकडा ९२ वाटत नाही, ८ वाटतो. व्याख्या कितीही कडक करा, सौम्य दाह सगळा वगळा, टक्का निम्म्यावर आणा. तरीही १०० पैकी ९२ बायांना आयुष्यात एकदाही स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार मिळालेले नाहीत, हे बदलत नाही. त्याला सौम्य-तीव्र असा काही प्रश्नच नाही.

आणखी एक. गर्भनिरोधनाची साधनं वापरणाऱ्या बायांत आजार जास्त दिसले, पण एकूण आजारांचा लहानसाच भाग त्यामुळे समजावता येतो, असंही त्यांनी लिहिलंय. त्या काळी सरकारी कार्यक्रमावर तोफ डागायला हा आकडा आयता होता. तो जितका होता तितकाच त्यांनी ठेवला. मला त्यात त्यांची शिस्त दिसते.

---

डॉ_कोरडवाहू

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात बरीच वर्षं काढली आहेत, विदर्भात आणि आता मराठवाड्यात. निंबोणीताई, तुम्ही स्त्रीआरोग्यावर थांबलात. बालमृत्यूंचं काम मी जोडतो, कारण माझ्या रोजच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे.

बंग दांपत्याचं दुसरं मोठं काम न्यूमोनियावर. शंभराहून जास्त गावं, त्यांतल्या ५८ मध्ये हस्तक्षेप आणि बाकीची तुलनेसाठी. खेड्यात लेकरू न्यूमोनियानं दगावतं ते डॉक्टरपर्यंत पोचायच्या आत. म्हणून उपचार गावातल्या माणसाच्या हातात द्यायचे ठरले: आरोग्य कर्मचारी, गावातलेच प्रशिक्षित लोक आणि दाया. निदान कसं करायचं? श्वास मोजून. मिनिटाला ठरावीक आकड्याच्या वर गेला की न्यूमोनिया धरायचा.

आता दाईला शाळा माहीत नाही, पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजणं तिला जड. तेव्हा त्यांनी एक साधन बनवलं. लाकडी पट्टीवर मण्यांच्या दोन ओळी, बरोबर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. एक ओळ अगदी तान्ह्यांसाठी, दुसरी थोड्या मोठ्यांसाठी. वाळू संपायच्या आत लाल मण्याची वेळ आली तर औषध सुरू. दाईला दहापर्यंत मोजता आलं की पुरे. मी हे पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा वाटलं, असं शिकवायला मला एम.बी.बी.एस.च्या साडेपाच वर्षांत कोणी का सांगितलं नाही?

१९९० मध्ये हेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांत मृत्यू १ टक्क्याहूनही कमी. तुलनेच्या गावांत १३ टक्क्यांच्या वर.

मग नवजात बाळं. १९९५ पासून ३९ गावांत 'आरोग्यदूत' बाया तयार केल्या, गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या. प्रसूतीला हजर राहायचं, बाळ रडलं नाही तर श्वास द्यायचा, ऊब, वजन, स्तनपान, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर तोंडावाटे औषध आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन, घरीच. या शेवटच्या गोष्टीवर मोठमोठ्या बालरोगतज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या होत्या. नवजात बाळाला इंजेक्शन आणि तेही गावातली बाई देणार! पण जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर हजारी २५.५, तुलनेच्या गावांत ५९.६. दोन्हीकडचे सुरुवातीचे दर धरले तर अपेक्षेपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. हा निबंध १९९९ चा.

आणि २०११ मध्ये भारत सरकारनं घरोघरी नवजात बालसेवा आशांमार्फत देशभर नेली. एका जिल्ह्यातल्या ३९ गावांतून निघालेलं काम. आपल्याकडे संशोधनातून धोरण झाल्याची याहून चांगली दुसरी उदाहरणं मला फार आठवत नाहीत.

---

गटप्रवर्तक_ताई

मी आशांची गटप्रवर्तक आहे, म्हणजे त्यांच्या कामावर देखरेख करणारी, विदर्भातच. वाचक म्हणून येते इथं, लिहीत नाही. पण डॉक्टरसाहेबांचं वाचून राहवलं नाही.

एचबीएनसी, म्हणजे हीच घरोघरी नवजात बालसेवा, आमचं रोजचं काम. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक जास्त. आशा घरात गेली की आधी हात धुणार, घड्याळ काढणार, बाळ निजलेलं असताना श्वास मोजणार, कारण रडायला लागलं की मोजता येत नाही. मग काखेत थर्मामीटर. मग झोळीत घालून वजन. सासू म्हणते, वजन करू नको, दृष्ट लागते. तिला आधी समजवावं लागते. मग आईला दूध पाजायला सांगून बाजूला बसायचं आणि बघायचं, बाळ नीट धरते का. शेवटी आईला विचारायचं, तुला ताप आहे का, अंगावरून जाते कसं, वास येते का. हे शेवटचं फार जणी घाईत सोडून देतात. मी माझ्या आशांना सांगते, ते सोडायचं नाही.

पण साहेब, तिकडे जे झालं आणि आमच्याकडे जे आलं त्यात फरक आहे. तिकडच्या आरोग्यदूतला दीर्घ प्रशिक्षण, आणि मागून येऊन तपासणारा माणूस. आमच्या आशेला थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, आणि त्याच महिन्यात सर्व्हे, कुष्ठरोग शोध, लसीकरण, मोबाईलमध्ये नोंदी, शिबिराला माणसं गोळा करणं, सगळं. इंजेक्शन तर आशेच्या हातात नाहीच, ते नर्सबाईकडे, आणि नर्सबाईकडे पाच गावं. लक्षण ओळखलं तरी पुढं गाडी बोलवा, आणि गाडी नदीपल्याड.

एका केंद्राची गोष्ट सांगते, नाव नाही घेत. आशांच्या थर्मामीटरचे सेल संपले. मागणी केली, स्मरणपत्रं दिली, महिने गेले. आशा भेटीला जायची आणि हात लावून ताप बघायची, फॉर्मवर मात्र आकडा लिहावाच लागते. शेवटी दोघीतिघींनी स्वतःच्या पैशानं सेल आणले. सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये, त्यातून सेल.

संशोधन मोठं आहे. त्याचा मान ठेवायचा तर ते होतं तसं पूर्ण घ्या. अर्धं घेऊन आकडा पूर्ण मागू नका.

---

डॉ_कोरडवाहू

ताई, शब्दन् शब्द खरा आहे. ६२ टक्के घट आली ती इंजेक्शनसकट, देखरेखीसकट. आपण भेटी घेतल्या, फॉर्म घेतला.

---

सातासमुद्रापार

गटप्रवर्तक ताई, लिहीत राहा.

मी परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकतोय. आमच्या वाचनात १९८९ आणि १९९९ चे दोन्ही निबंध होते. वर्गात इथिओपिया आणि नेपाळचे विद्यार्थी गडचिरोलीचा उच्चार मला विचारत होते. त्यांना माहीत असलेलं महाराष्ट्रातलं दुसरं नाव म्हणजे जामखेड. मुंबईचं एकही इस्पितळ त्यांना ठाऊक नव्हतं.

---

नगरी

जामखेडचं नाव निघालंच आहे तर आमच्या जिल्ह्याबद्दल लिहितो. रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघं वेल्लोरचे डॉक्टर, तेही जॉन्स हॉपकिन्सला शिकलेले, १९७० मध्ये जामखेडला आले. बंग दांपत्याच्या सोळा वर्षं आधी. हॉपकिन्समध्ये दोन्ही जोडप्यांचे गुरू एकच, कार्ल टेलर.

आरोळ्यांचं बळ वेगळीकडे होतं. त्यांनी गावातल्या बायांना, त्यातही दलित, परित्यक्ता, निरक्षर बायांना, आरोग्य कार्यकर्त्या केलं. सवर्ण घरातल्या बाळंतिणीला हात लावायला दलित वस्तीतली बाई जाणार, आणि तिच्याच हातून बाळ सुखरूप येणार. जातीवर याचा काय परिणाम झाला असेल ते आमच्या तालुक्यातल्या जुन्या माणसांना विचारा. १९७२ च्या दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं गेलं. पाणी हवं तर सगळ्यांनी तिथंच यायचं. त्याच कार्यकर्त्यांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला जागतिक परिषदेत बोलल्या.

निंबोणीताईंना एक विचारतो. जामखेडचं काम 'लॅन्सेट'च्या मापानं मोजलं तर कमी भरेल, कारण त्यांनी तुलनेची गावं ठेवून प्रयोग केले नाहीत. पण माझ्या लेखी ते ज्ञान कमी दर्जाचं नाही. विद्वत्ता फक्त आकड्यांत असते का?

---

निंबोणी

नाही, आणि राणीताईंचंच काम त्याला साक्षी आहे. दायांकडून, म्हाताऱ्या बायांकडून त्या शिकत गेल्या: बाया कोणत्या आजाराला काय म्हणतात, कशाला लाजतात, कोणतं झाड कशाला वापरतात. ते ऐकणं आधी नसतं तर तपासणीच्या टेबलापर्यंत एकही बाई आली नसती.

पण दिल्लीत किंवा मंत्रालयात कागद हलवायचा असेल तर आकडा लागतो, हेही खरं. गडचिरोलीच्या आधीचं एक उदाहरण देते. वर्ध्याला असताना अभय बंगांनी रोजगार हमीच्या मजुरीचा अभ्यास केला. सरकारच्या पागे समितीनं दिवसाला ४ रुपये सुचवले होते. बंगांनी अंगमेहनत करणाऱ्याला किती उष्मांक लागतात, घरात खाणारी तोंडं किती, त्याला पैसे किती, हा हिशेब पुन्हा मांडला. आकडा आला १२ रुपये. शेवटी सरकारनं मजुरी १२ रुपये केली. राज्यातल्या लाखो मजुरांच्या हातात ते पैसे पडले. मोर्चे निघतच होते, त्यांना हिशेबाची जोड मिळाली. मला वाटतं या दोघांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज त्यात आहे.

आणि त्यांची पहिली मोठी ठेचही सांगायला हवी, ते स्वतःच ती सांगतात. गडचिरोलीत आल्यावर त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पाहणी केली, आदिवासींत तो आजार आहे हे दाखवलं. विज्ञान म्हणून उत्तम. पण लोकांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता, आणि हाती उपायही फारसा नव्हता. त्यानंतर लोकांना जे टोचतंय त्यावर संशोधन, अशी दिशा ठरली. दवाखान्याचं तसंच. लोकांनीच देवीचं नाव सुचवलं, म्हणून तो 'माँ दंतेश्वरी दवाखाना'.

---

आकडेमोड

एक अवघड प्रश्न. नवजात बाळांच्या अभ्यासात ३९ गावांत आरोग्यदूत, तुलनेच्या ४७ गावांत नाही. त्या ४७ गावांत जी बाळं गेली, ती नुसती मोजली गेली. हे योग्य होतं का?

---

डॉ_कोरडवाहू

हा प्रश्न विचारायलाच हवा. माझं उत्तर असं: त्या गावांतली सरकारी आरोग्यसेवा आणि अंगणवाडी चालूच होती, कोणाचं काही काढून घेतलेलं नव्हतं. घरातलं इंजेक्शन बाळाला वाचवेल की अपाय करेल, हे सुरुवातीला कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना सगळीकडे सुरू करणं हाही धोकाच. तुलना नसती तर विरोधकांनी 'पाऊसपाणी चांगलं झालं म्हणून मृत्यू घटले' म्हणून कागद परत पाठवला असता.

पण तुम्ही म्हणता ते मनाला लागतंच. मला जास्त लागतं ते पुढचं. १९९९ ला उत्तर कळलं आणि देशभर जायला २०११ उजाडलं. या बारा वर्षांत उत्तर माहीत असताना गेलेल्या बाळांचा हिशेब प्रयोग करणाऱ्यांकडे मागायचा की उरलेल्या सगळ्यांकडे?

---

इरईकाठ

दारूबंदीवर कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. इथं माझे मतभेद आहेत.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि त्यामागे गावोगावच्या बायांचं आंदोलन होतं, बंग दांपत्य त्यात पुढे होतं. आमच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. सहा वर्षं मी डोळ्यांनी पाहिलंय, दारू मिळायचीच, महाग मिळायची, आणि शाळकरी पोरं पिशव्या पोचवायची. पोलिसांचे हप्ते वेगळे. आरोग्याच्या संशोधनात जी काटेकोर तुलना त्यांनी केली तशी बंदीच्या बाबतीत लोकांपुढे यायला हवी, असं मला वाटतं.

---

गटप्रवर्तक_ताई

इरईकाठ दादा, तुमचं खोटं नाही. पण मी घरात जाते ना. दुकान उघडं असलं की माणूस मजुरी घेऊन सरळ तिकडं वळते. चोरून मिळते तेव्हा निदान काही दिवस घरी येते. बाईसाठी ते काही दिवस मोठे असतात. बंदी नीट राबवली नाही हा दोष राबवणाऱ्याचा. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालू आहे, त्यात गावाच्या समित्या आहेत, व्यसन सोडायला उपचार आहेत, तंबाखूवर आणि खर्ऱ्यावरही (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) काम आहे. नुसता कायदा आणि कायद्यामागं गाव, यात फरक पडते. आमच्याकडं खर्रा तर गरोदर बायाही खातात, त्यावर लिहा कोणीतरी.

---

इरईकाठ

ताई, मान्य. माझा आक्षेप बायांच्या मागणीला नाही, नुसत्या कायद्यावर विसंबण्याला आहे. चंद्रपुरात बंदी होती तेव्हा व्यसनमुक्तीची खाट शोधायला लोक नागपूरला जात होते.

---

निंबोणी

या दोन प्रतिसादांमुळे धागा काढल्याचं चीज झालं.

थोडं पुढचंही नोंदवते. केंद्रानं २०१३ मध्ये अभय बंगांच्या अध्यक्षतेखाली आदिवासी आरोग्यावर तज्ज्ञ समिती नेमली, अहवाल २०१८ मध्ये आला. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे ८.६ टक्के, पण हिवतापाच्या मृत्यूंत त्यांचा वाटा जवळजवळ निम्मा, असं त्यात आहे. या अहवालावर मराठीत सविस्तर चर्चा झालेली मला दिसली नाही. नंदुरबार, पालघर, मेळघाटात काम करणारं कोणी इथं असेल तर वेगळा धागा काढा, मी येते.

आणि मूळ मुद्द्यावर. १९८९ चा निबंध जेमतेम काही पानांचा आहे. मी त्याचा सोप्या मराठीत गोषवारा करायला घेतलाय, तक्त्यांसकट. आकडेमोड, मर्यादांचा परिच्छेद तुम्ही लिहाल का? गटप्रवर्तक ताई, आशांच्या मासिक बैठकीत वाचायचा तर कोणता भाग आधी ठेवू?

---

आकडेमोड

लिहितो. रविवारपर्यंत.

---

गटप्रवर्तक_ताई

५५ आणि ९२ वाला भाग आधी ठेवा ताई. टक्के म्हणू नका, शंभर बाया उभ्या आहेत असं लिहा. आणि अक्षर मोठं ठेवा, आमच्या निम्म्या आशांना चष्मा लागलाय. बैठकीत वाचून झालं की कोण काय बोललं ते इथं येऊन सांगते. एक अजून, कोणी 'मला पण आहे' म्हणाली तर तिला कुठं पाठवायचं ते खाली लिहायला लागेल. आमच्या तालुक्याला स्त्रीरोगतज्ज्ञ महिन्यातून एकदा येते. डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे काय सोय आहे?

---

डॉ_कोरडवाहू

आमच्याकडेही रोज नाही. पण तपासणीचं साहित्य आहे, पांढरं जाण्यावरची औषधं बहुतेकदा असतात, आणि सिस्टर तयार आहेत. अडचण आडोशाची आहे, तपासणीचं टेबल औषधांच्या खोलीत पडलंय. ते हलवून पडदा लावायचं या आठवड्यात बघतो. तुमच्या तालुक्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही हेच विचारून बघा, बऱ्याच ठिकाणी साहित्य असतं आणि जागाच नसते.